क्लासवाले दर महिन्याला दहा टक्के कापतात, स्टुडंटला टॅक्स माफ असतो ना? (टीडीएस, रिफंड, ईबीसी)

बार्शी लाईट | १९ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी पुण्यात टीवायबीकॉमला आहे, गाव बार्शी तालुक्यातलं. गेल्या वर्षी एप्रिलपासून एका कोचिंग क्लासमध्ये संध्याकाळी काम करतो, टेस्ट पेपर टाईप करणं, तपासणं, मार्क एक्सेलमध्ये भरणं असलं सगळं. ठरले होते महिन्याला १८,०००, हातात येतात १६,२००. विचारलं तर म्हणतात टीडीएस आहे, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, गव्हर्मेंटला जातो, आम्ही काय करणार. रूमचं भाडं आणि मेस गेली की त्यातलं फारसं काही उरतच नाही, त्यामुळे हे १,८०० फार लागतात हो.

प्रश्न असे की स्टुडंटला टॅक्स माफ असतो ना, मग कापला का? हे पैसे परत येतात का, की गेले ते गेले? आणि तिसरं म्हणजे मी रिटर्न भरलं तर माझी ईबीसी (कॉलेज फीची शिष्यवृत्ती) जाईल असं रूममेट म्हणतोय, घरचं उत्पन्न वाढलेलं दिसेल म्हणून. वडील टेम्पो चालवतात आणि थोडी जिरायत आहे. क्लासमधला एक सीनियर म्हणाला की त्याच्या ओळखीचा एजंट आहे, वीस टक्के घेतो आणि रिफंड काढून देतो. द्यावं का त्याच्याकडे?

अर्धा सीए

पहिला गैरसमज आधी काढू. आपल्या इन्कम टॅक्स कायद्यात 'विद्यार्थी' म्हणून वेगळी सवलत कुठेच नाही. तू शिकतोस की नाही हे खातं विचारतच नाही, वर्षाला कमावलेस किती एवढंच बघतं. तरी तुझा टॅक्स शून्यच आहे, कारण तुझं उत्पन्न कमी आहे.

आकडे बघ. १८,००० गुणिले १२ म्हणजे २,१६,०००. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत काहीच टॅक्स नाही, त्याच्या वर ७ लाखांपर्यंत जो टॅक्स निघतो तो कलम ८७ए च्या रिबेटने, म्हणजे टॅक्समधल्या सवलतीने, शून्य होतो. जुन्या पद्धतीत २.५ लाखांपर्यंत माफ आणि ५ लाखांपर्यंत रिबेट. म्हणजे तू कुठल्याही पद्धतीने गेलास तरी पहिल्या पायरीच्याही खाली आहेस, रिबेटपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. क्लासने कापले वर्षाचे २१,६००. ते सगळेच्या सगळे तुझे आहेत.

फक्त आपोआप येत नाहीत. रिटर्न भरून मागावे लागतात. यंदा, म्हणजे २०२५ ला, मुदत १५ सप्टेंबर आहे, नेहमीची ३१ जुलै वाढवून दिलीय.

जुना बाबू

अर्धा सीए बरोबर सांगतायत, त्यात एक घालतो. बाळा, आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन करून २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुझ्या पॅनवर नोंदलेला टॅक्स आणि उत्पन्न दाखवणारी पत्रकं, उघड. त्यात क्लासच्या नावापुढे २१,६०० दिसतात का ते बघ. कापणं वेगळं आणि सरकारकडे भरणं वेगळं, आमच्या काळापासून लोक कापतात जोरात आणि भरतात सावकाश. दिसत असेल तर क्लासकडून फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट) माग, तो द्यावाच लागतो, उपकार नाहीत ते. आणि ते पैसे कुठल्या कलमाखाली दाखवलेत तेही बघून इथे लिही.

बार्शी लाईट

बघितलं. २१,६०० आहेत, कलम १९४जे दिसतंय. चार तिमाहींच्या चार वेगवेगळ्या एन्ट्र्या आहेत. बँकेचं व्याज ३४० पण दिसतंय, हे त्यांना कसं कळलं??

अर्धा सीए

बँकच कळवते, म्हणून तर म्हणतो काही लपवायच्या भानगडीत कोणी पडू नका.

तर १९४जे म्हणजे प्रोफेशनल फी. क्लासने कागदोपत्री तुला कन्सल्टंट केलंय. खरं म्हणजे तू रोज ठरलेल्या वेळेला जातोस, त्यांच्या खुर्चीवर बसतोस, त्यांच्या मॅनेजरच्या हाताखाली काम करतोस, ही सरळ नोकरी आहे. पगार म्हणून दिलं असतं तर कलम १९२ लागलं असतं, त्यात मालकाला आधी वर्षाचा अंदाज काढावा लागतो आणि त्यावर टॅक्स बसत असेल तरच कापायचं. तुझ्या बाबतीत एक रुपयाही कापायची वेळ आली नसती. वर पगारावर ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, पण मिळाली असती. पण १९४जे मध्ये समोरचा गरीब आहे की कोट्यधीश हे बघायचंच नसतं, मर्यादा ओलांडली की दहा टक्के सरसकट. मला याचा राग येतो कारण वर्षभर त्या पोराचे पैसे अडकून पडतात, आणि ज्याला तेवढ्या पैशाची खरी गरज आहे तोच रिटर्न कसं भरायचं या भीतीने मागत नाही.

पेठेतली

हे कन्सल्टंट प्रकरण आता सगळीकडेच आहे. माझी भाची बारावीनंतर एका ऑफिसात रिसेप्शनला बसायची, तीसुद्धा 'कन्सल्टंट'. कन्सल्टंट म्हणायचं आणि डबा खायला वीस मिनिटंच द्यायची! असं केलं की मालकाला पीएफ नको, रजा नको, काही नको.

नागपुरी तडका

भाऊ मी इंजिनीअरिंगला आहे न संध्याकाळी फूड डिलिव्हरी करतो, माझं पण कापते पण एकच टक्का. हे असं कसं, त्याले दहा मले एक? आणि एवढ्याशासाठी रिटर्न भरू का?

अर्धा सीए

तडका, तुझं १९४सी आहे, कॉन्ट्रॅक्टर. व्यक्तीला एक टक्का. समज वर्षाला दीड लाख मिळाले तर कापले दीड हजार. एक महिन्याच्या पेट्रोलला तरी थोडा हातभार लागेल, भर की. शंभर रुपयांच्या आतला रिफंड असेल तर खातं देत नाही, बाकी सगळं मिळतं.

भरायची सक्ती कोणाला तेही सांगतो. उत्पन्न मूळ मर्यादेच्या खाली असेल तर एरवी सक्ती नाही, पण वर्षात टीडीएस २५,००० किंवा जास्त कापला गेला असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरावंच लागतं. बार्शी लाईट २१,६०० वर आहे म्हणजे थोडक्यात बाहेर, पण त्याला स्वतःच्या पैशासाठी भरायचंय.

जुना बाबू

एजंटच्या प्रश्नाला कोणी हात नाही लावला. वीस टक्के म्हणजे ४,३२०. ज्या कामाला पोर्टलवर एक रुपया फी नाही त्याला. आणि वीस टक्के घेणारा माणूस रिफंड जास्त दिसावा म्हणून काय काय करतो हे मी पाहिलंय, कधी खोटं घरभाडं तर कधी राजकीय पक्षाला देणगी नाहीतर दिव्यांग नातेवाईक दाखवायचा. गेल्याच महिन्यात, जुलैत, खात्याने अशा बोगस वजावटी दाखवून देणाऱ्यांवर देशभर धाडी टाकल्या. चुकीची माहिती देऊन टॅक्स कमी दाखवला तर त्या टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे, आणि तो एजंटला नाही, ज्याचा पॅन आहे त्याला. तुला तर वजावटीची गरजच नाही रे, कसलीही वजावट न घेता तुझा टॅक्स शून्य आहे, मग तो एजंट करणार काय?

बार्शी लाईट

ओके एजंट कॅन्सल. पण मग कुठला फॉर्म? मित्राने आयटीआर-१ भरला होता, मी तोच भरू का? आणि मी कॉलेजची फी स्वतः भरतो, ती ८०सी च्या वजावटीत लागते म्हणे.

अर्धा सीए

आयटीआर-१ नको. तो पगार, पेन्शन, व्याज यासाठी आहे. तुझ्या २६एएस मध्ये १९४जे आहे आणि तू पगार दाखवलास तर दोन्ही जुळणार नाहीत, रिटर्न सदोष म्हणून नोटीस येऊ शकते आणि रिफंड लटकतो. तुला आयटीआर-४, ज्याला सुगम म्हणतात, तो घे. लोक तिथे ४४एडीए, म्हणजे प्रोफेशनल लोकांसाठीचं अंदाजे नफ्याचं कलम, निवडतात कारण १९४जे दिसलं की तेच डोक्यात येतं, पण त्याची यादी ठरलेली आहे, वकील, डॉक्टर, इंजिनीअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरिअरवाले वगैरे. पेपर टाईप करणं आणि तपासणं त्यात बसत नाही. ४४एडी मध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या कलमात, दाखव. त्यात बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायचा असतो, पण किमान म्हणजे तेवढाच दाखव असं नाही, खरा उरला तेवढा दाखवायचा. तुझा खर्च म्हणजे पीएमपीचा पास आणि चहा. पूर्ण २,१६,००० नफा दाखवलास तरी टॅक्स शून्यच येतो, मग सहा टक्के दाखवून उगाच कोणाच्या डोळ्यावर का यायचं. ३४० रुपये व्याज 'इतर उत्पन्न' मध्ये टाक.

फीचं उत्तर तुला आवडणार नाही. ८०सी मधली ट्युशन फी पालकांनी मुलांसाठी भरलेली चालते, दोन मुलांपर्यंत. स्वतःची फी स्वतः भरली तर वजावट नाही. म्हणजे बाप भरतो त्याला सवलत आणि जो पोरगा स्वतः कमावून भरतो त्याला ठेंगा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ८०ई आहे, ती स्वतःच्या कर्जालाही मिळते, पण दोन्ही फक्त जुन्या पद्धतीत. तुला दोन्हीची गरज नाही, टॅक्सच नाही तर वजावट कशातून करणार.

पेठेतली

स्वतः कमावून शिकणाऱ्याला ठेंगा हे वाचून, हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं राज्य आहे यावर विश्वास बसेना. 'कमवा आणि शिका' म्हणून आपण ज्यांचे फोटो लावतो.

बाय द वे स्कॉलरशिपचे पैसे उत्पन्नात धरायचे का? माझ्या भाचीला मिळतेय.

अर्धा सीए

नाही. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली पूर्ण माफ आहे, रकमेची मर्यादा नाही. पण कंपनी कामाच्या बदल्यात जे देते त्याला नाव 'स्टायपेंड' दिलं म्हणून ते शिष्यवृत्ती होत नाही, इंटर्न लोकांनी इथे लक्ष द्या.

गावठी इंटर्न

हे माझ्यासाठीच होतं वाटतं 😅 मला महिन्याला २५ हजार स्टायपेंड, सहा महिने, हिंजवडीत. त्यांनी फॉर्म १६ दिलाय, टॅक्स काही नाही, फक्त प्रोफेशनल टॅक्स २०० कापला. तो परत मिळतो का? आणि माझ्यासोबतच्या मुलीचा कापलाच नाही, हा काय अन्याय

जुना बाबू

अन्याय नाही. प्रोफेशन टॅक्स म्हणजे व्यवसाय कर, तो राज्य सरकारचा, इन्कम टॅक्सशी संबंध नाही, परत मिळत नाही. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत माफ आहे, एप्रिल २०२३ पासून. पुरुषांना ७,५०० पर्यंतच, १०,००० च्या वर गेलं की २०० आणि फेब्रुवारीत ३००.

गावठी, तुझा फॉर्म १६ आहे म्हणजे पगार. सहा महिन्यांचे दीड लाख, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००, राहिले ७५,०००. तुझ्यासाठी आयटीआर-१.

गावठी इंटर्न

आणि शेअर्समध्ये ४० हजार नफा झाला, चार महिन्यांत घेऊन विकले. आणि क्रिप्टोमध्ये ६ हजार. रिबेट आहे म्हणजे तेही माफ ना?

अर्धा सीए

थांब थांब. मग आयटीआर-१ नाही, आयटीआर-२ लागेल. शेअर्सचा अल्पकालीन नफा वेगळ्या दराने, २३ जुलै २०२४ पासून २० टक्के, आधी १५ होता. या नफ्यावर ८७ए चा रिबेट मिळतो का यावरून गेल्या वर्षी बराच गोंधळ झाला, मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि त्यामुळे रिटर्नची मुदत १५ जानेवारीपर्यंत वाढवावी लागली होती. पण तुझ्यासारख्या कमी उत्पन्नवाल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही. पगाराचे ७५,००० आणि नफ्याचे ४०,००० मिळून १,१५,०००, ३ लाखांच्या मूळ मर्यादेत अजून भरपूर जागा आहे, भारतात राहणाऱ्याला शेअर्सचा हा नफा त्या उरलेल्या जागेत बसवता येतो. टॅक्स शून्य.

क्रिप्टो मात्र नाही बसत. तिथे मूळ मर्यादा नाही, रिबेट नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. सहा हजारावर १,८०० आणि वर ४ टक्के सेस, १,८७२ भर. ऑनलाईन गेममध्ये जिंकलेल्याचंही तसंच. गरीब विद्यार्थी वगैरे काही चालत नाही तिथे.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. विषय थोडा वेगळा पण इकडे आपली मराठी पोरं याच्या बरोब्बर उलटं करतात म्हणून लिहितो. तिकडे हक्काचं मागत नाहीत, इकडे हक्क नसलेलं मागून बसतात. माझा पुतण्या एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, मास्टर्स करतोय, कॅम्पसवर लायब्ररीत काम करतो. त्याच्या रूममेटने एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर रिटर्न भरलं, सॉफ्टवेअरने साधा १०४०, म्हणजे इथल्या रहिवाशांचा रिटर्न फॉर्म, काढला आणि शिक्षणाचं क्रेडिट, अमेरिकन अपॉर्च्युनिटी, लावून दिलं, हजार डॉलर जास्त रिफंड. पोरगा खूष. पण एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही टॅक्ससाठी नॉनरेसिडेंट, फॉर्म १०४०-एनआर. नॉनरेसिडेंटला ते शिक्षणाचं क्रेडिट नाही आणि कमी पगारवाल्यांसाठीचं अर्न्ड इन्कम क्रेडिटही नाही. चुकून घेतलं असेल तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून परत करा, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हे कागद बाहेर येतात.

पण एक गोष्ट फक्त भारतीय विद्यार्थ्यांना मिळते आणि ती सांगायला कोणी येत नाही. भारत-अमेरिका कर कराराचं कलम २१(२). त्याने भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, २०२४ साठी १४,६०० डॉलर. चिनी किंवा कोरियन पोरांना ही मिळत नाही. कॅम्पसवरच्या नोकरीत वर्षाला त्याच्या आत कमाई असेल तर फेडरल टॅक्स शून्य. शिवाय या काळात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचं नसतं, कापलं असेल तर आधी मालकाकडे मागा. आणि कमाई नसली तरी ८८४३ फॉर्म भरायचाच.

पेठेतली

वा, हे छान. भावाचा मुलगा जानेवारीत चाललाय, त्याला पाठवते.

बार्शी लाईट

माझा ईबीसीचा प्रश्न राहिला हो. तोच खरा धाक आहे. फॉर्म भरताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात माझं पण धरतील का?

आडगावकर

मी सेतू केंद्र चालवतो त्यामुळे हा माझा विषय. ईबीसी म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मर्यादा आहे कुटुंबाचं वर्षाला ८ लाख. तुझ्या वडिलांचं टेम्पोचं आणि शेतीचं धरून समजा अडीच-तीन लाख असेल, त्यात तुझे २,१६,००० मिळवले तरी आठच्या आसपासही जात नाही. म्हणजे धरा नाहीतर नका धरू, तू बसतोसच. रूममेटला सांग आधी बेरीज कर मग घाबरव.

पण बाकी पोरांसाठी लिहितो कारण रोज खिडकीवर हाच घोळ होतो, सगळे दाखले एकच समजतात. नॉन-क्रीमिलेअरला आई-वडिलांचं बघतात, उमेदवाराचा स्वतःचा पगार धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला उलटं, तिथे कुटुंबात अर्जदार स्वतः, आई-वडील, १८ खालची भावंडं, आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदार नि मुलं, सगळ्यांचं सगळीकडचं उत्पन्न, शेतीसुद्धा. म्हणजे तिथे तुझे २,१६,००० धरावेच लागतात. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिकला मर्यादा अडीच लाखच आहे, पालकांच्या उत्पन्नावर, तिथे काठावरची घरं असतात. आणि मुलींना ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे व्यावसायिक कोर्सला ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असेल आणि घरचं ८ लाखांच्या आत असेल तर फी १०० टक्के माफ, तरीही दर आठवड्याला कोणीतरी ताई कॉलेजने अर्धी फी घेतली म्हणून येते.

रिटर्न न भरल्याने उत्पन्न लपत नाही हे लक्षात ठेव. ते क्लासने तुझ्या पॅनवर कधीच टाकलंय. आणि रिफंड हे उत्पन्न नव्हे, तुझेच पैसे आहेत.

तळजाई टेकडी

एक विचारते, माझी मुलगी १७ वर्षांची आहे, मेंदी काढते लग्नांमध्ये, सीझनला चांगले मिळतात. तिचं माझ्या रिटर्नमध्ये धरायचं का?

अर्धा सीए

नाही. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न पालकांत मिळवतात, पण स्वतःच्या कलेने किंवा श्रमाने मिळवलेलं सोडून. मेंदीचे पैसे तिचे. मात्र ते एफडीत ठेवले तर त्या एफडीचं व्याज ती १८ ची होईपर्यंत तुमच्यात, म्हणजे आई-वडिलांत ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरायचं. तिचा पॅन काढून ठेवा, पॅन नसेल आणि कोणी टीडीएस कापायची वेळ आली तर २० टक्के कापतात.

नागपुरी तडका

पण मग पुढच्या साली काय करायचं, १२ लाखांपर्यंत माफ झालं म्हणते तरी कापतीलच का? तो 'टॅक्स कापू नका' वाला १५जी फॉर्म भरून दिला तर?

अर्धा सीए

२०२५-२६ पासून मूळ मर्यादा ४ लाख आणि रिबेटने १२ लाखांपर्यंत शून्य, बरोबर. पण कापणारा हे बघत नाही. १५जी बँकेच्या व्याजाला वगैरे चालतो, १९४जे आणि १९४सी ला चालत नाही, क्लासने घेतला तरी उपयोग नाही. कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून शून्य टीडीएसचं सर्टिफिकेट काढता येतं, पण एवढ्या रकमेसाठी ती दगदग मी कोणाला सांगणार नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे १९४जे ची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ३०,००० ची ५०,००० झालीय, सुट्टीत महिना-दोन महिने काम करणाऱ्यांचं आता कापलं जाणार नाही.

बार्शी लाईट, खरा उपाय क्लासला पगारावर घे म्हणायचा. बोलून बघ.

बार्शी लाईट | २७ ऑगस्ट

बोललो. म्हणाले पगारावर घेतलं तर १६,५०० देऊ. म्हणजे आता हातात येतात त्यापेक्षा ३०० जास्त, त्यातून पुन्हा २०० व्यवसाय कर, आणि वरचे १,५०० त्यांच्या खिशात. मी सध्या आहे तसंच राहू द्या म्हणालो.

रिटर्न काल भरलं, आयटीआर-४, नवी पद्धत. रिफंड २१,६०० दाखवतोय. अजून काही करायचंय का?

जुना बाबू

ई-व्हेरिफाय केलंस का? आधारच्या ओटीपीने होतं. ३० दिवसांत केलं नाही तर ज्या दिवशी करशील ती तारीख धरतात, म्हणजे मुदत उलटून जाईल आणि वर व्याजही बुडेल. वेळेत भरलंस तर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, तुझे महिन्याला १०८ रुपये, ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं. बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट कर, पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव एकच पाहिजे, आणि पॅन आधारला जोडलेला नसेल तर रिफंड निघतच नाही.

बार्शी लाईट

पासबुकवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पॅनवर नाही. आणि व्हेरिफाय करायचं राहिलंय, आत्ता करतो.

आडगावकर

आधी व्हेरिफाय कर. मग बँकेत पॅन आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा, केवायसी दुरुस्तीचा फॉर्म असतो. सोमवारी नको जाऊ, गर्दी असते.